चार ओळींची जागा

श्री. वामनराव डबीर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात कथेचा शेवट होता. स्वातंत्र्याला वर्ष होत आलं होतं. नागपुरात महाल भागातल्या ज्या छापखान्यात मी खिळे जुळवायचं काम करीत असे, तिथे सकाळी दहाच्या सुमारास काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि काखेत छत्री अशा वेशात ते आले. आमचे मालक-संपादक बापूसाहेब गादीवर बसले होते. वामनरावांनी त्यांच्यापुढे बारा कागद ठेवले आणि म्हणाले, “हे शेवटचं प्रकरण. आधी हे जुळवून ठेवा. बाकीची कथा मी दर महिन्याला आणून देईन.”

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. लेखक शेवटचं प्रकरण वेळेवर देत नाहीत, अशी आमची पिढीजात तक्रार. हे गृहस्थ ते सर्वांत आधी घेऊन आले होते.

“असं काहून?” बापूसाहेबांनी विचारलं.

“ही रहस्यकथा आहे. खून कोणी केला हे आज ठरलं. वाचकांची पत्रं वाचून पुढे मला मोह होईल की याच्याऐवजी त्याला खुनी करू. तो मोह मला नको. शेवट तुमच्या कपाटात राहू द्या. मी एक कानासुद्धा बदलणार नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “जुळवणार कोण, तुम्ही? मग खुनी फक्त आपल्या दोघांना ठाऊक. सांभाळाल ना?”

छापखान्यात मला ‘तुम्ही’ म्हणणारे ते पहिलेच. आम्ही कोष्टी. घरातले हातमाग एकेक करून बंद पडले तेव्हा वडिलांनी मला या कामाला लावलं. ‘ए तुळशीराम’ हीच हाक कानाला सवयीची होती. मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून त्यांचा झालो.

वामनरावांच्या गौरवसमितीने मला या ग्रंथासाठी चार पानं दिली आहेत. ‘तुम्ही त्यांना जवळून पाहिलं आहे, काही गोड आठवणी लिहा,’ असं समितीचे अध्यक्ष म्हणाले. गोड आठवणी आहेत, नाहीत असं नाही. पण गेले पंधरा दिवस मी लिहायला बसतो आणि उठतो. आज सकाळपासून तीनदा उठून नीट लावलेले खिळे पुन्हा नीट लावून आलो. मला जे सांगायचं आहे ते अशा ग्रंथात शोभेल की नाही, कळत नाही. पण सांगायचं तर इथेच, कारण ज्या वाचकांच्या मनात वामनरावांचं नाव उणं झालं तेच वाचक हा ग्रंथ घेणार आहेत.

आधी रीतीप्रमाणे त्यांच्या कामाविषयी लिहितो.

वामनराव सरकारी दप्तरखान्यात नोकरीला होते. भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं घराणं, चार पिढ्या कागद सांभाळण्यात गेलेल्या. कोणताही कागद पोच घेतल्याशिवाय हातातून सोडायचा नाही आणि कोणत्याही कागदाची नक्कल ठेवल्याशिवाय राहायचं नाही, ही त्यांची सवय. कथा लिहिताना ते खाली कार्बन घालीत. मूळ प्रत आमच्याकडे येई, नक्कल त्यांच्या लाल दप्तरात जाई. त्यांच्या सौभाग्यवती वत्सलाबाई थट्टेनं म्हणत, “हे आमच्या लग्नाचीही नक्कल ठेवून असतील.” त्या बिचाऱ्यांना बारा वर्षांत एकदाही खुनी आधी कळला नाही. एकदा त्यांनी रुसून भाजीत मीठ घातलं नाही. वामनराव निमूट जेवून उठले, पण नाव सांगितलं नाही.

खून कोणी केला या प्रश्नावर उभ्या असलेल्या कथेविषयी त्यांचं एक मत होतं आणि ते मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याची गणती नाही. ते म्हणत, “खुनी पंगतीत पहिल्यापासून बसलेला पाहिजे. सगळ्यांबरोबर त्याच्याही पानात वाढलेलं असलं पाहिजे. जेवणं उरकल्यावर बाहेरून कोणाला तरी आणून बसवायचं आणि हाच तो म्हणायचं, ही वाचकाशी बेइमानी आहे.” वाचकाला ते फार मान देत. काटोलच्या बाजारातला संत्र्यांचा दलाल असो की धंतोलीतला वकील, गुप्तहेराला जे दिसलं ते सगळं त्यालाही दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आमच्या भागात रहस्यकथा म्हणजे फावल्या वेळचा चाळा समजत. वामनरावांच्या हातात तो प्रामाणिकपणाचा हिशेब झाला. लोक अंक घेत, पोस्टकार्डावर आपापला अंदाज लिहून पाठवीत, आणि शेवट आला की अर्धे वाचक स्वतःच्या कपाळावर हात मारीत. फसवलं अशी तक्रार मात्र कोणी केली नाही.

एक दिवस ते आमच्या घरी आले होते. वडील तेव्हा थकले होते, पण एक माग अजून चालू होता. वामनराव मागाजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, “विणताना धागा तुटला आणि लक्षात आलं नाही, तर मग काय करता?”

वडील म्हणाले, “मंग काय जी, कापड मागं मागं पाहत जायचं. जिथून बिघडलं तिथं हात थांबतेच.”

वामनरावांनी ते तिथेच वहीत लिहून घेतलं. पुढच्या कथेत त्यांचा गुप्तहेर हेच वाक्य बोलतो, आणि अंकाची पहिली प्रत त्यांनी वडिलांना आणून दिली. वडिलांना वाचता येत नव्हतं. ती प्रत त्यांनी मरेपर्यंत देवाच्या फळीवर ठेवली होती.

आता मुद्द्यावर येतो. यायलाच हवं.

राज्यांच्या पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली त्या वर्षीची गोष्ट. वामनराव त्याच्या आदल्या साली निवृत्त झाले होते आणि पूर्ण वेळ लिहीत होते. शहराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोणतं खातं मुंबईला जाणार, कोणाचं नाव भोपाळच्या यादीत, कोणी कोणाचं नाव पुढे केलं, याच गोष्टी जिथे तिथे. शेजारी शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहत होता. अशा दिवसांत आमच्या मासिकात ‘काटोलचा पाहुणा’ सुरू झाली. काटोलजवळच्या संत्र्यांच्या बागेचा म्हातारा मालक औषधाच्या पुडीतून विष जाऊन मरतो. घरात त्याच वेळी एक लांबचा पाहुणा उतरलेला असतो. वाचकाचा संशय पहिल्या ओळीपासून पाहुण्यावर जावा अशीच रचना होती, आणि म्हणूनच तो खुनी नव्हता. खुनी होता गावातल्या दवाखान्याचा कंपाउंडर. अगदी साधा माणूस, कथेत येतो, पुडी देतो आणि जातो. त्याला ना नाव होतं ना चेहरा. मला हे ठाऊक होतं, कारण शेवटचं प्रकरण मीच जुळवून, दोरीने बांधून कपाटात ठेवलं होतं.

बापूसाहेबांनी या वेळी त्या गठ्ठ्याचाही बोभाटा केला. पहिल्याच अंकात चौकट टाकली की कथेचा शेवट छापखान्यात खिळ्यांत बांधून ठेवलेला आहे, त्यात एक कानाही बदलणार नाही, शंका असेल त्यांनी येऊन गठ्ठा पाहावा, वाचू मात्र नये. खाली वामनरावांची सही. लोक खरोखरच आले. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, त्यामुळे वाचायची भीती नव्हती. एक वकीलसाहेब मात्र खिशात आरसा घेऊन आले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. इतके खिळे महिनोन्‌महिने अडकून पडल्यामुळे चालू कामाला ‘ख’ कमी पडू लागला. बापूसाहेब कुरकुरत, “डबीरसायबाच्या एका खुनानं माहे सारे ख खाऊन टाकले.”

चौथ्या अंकाच्या वेळी वामनराव एका लग्नासाठी बाहेरगावी गेले होते. प्रकरण जुळवून झालं, पान बांधलं आणि खाली चार ओळींची जागा उरली. समोरचं पान तेलाच्या जाहिरातीचं, ते आधीच बसलेलं. अशी जागा उरली की आम्ही वेलबुट्टीचा ठसा घालतो. तो ठसा त्या दिवशी लग्नपत्रिकेच्या कामात अडकला होता. यंत्रावरचा माणूस खोळंबून उभा. बापूसाहेब गादीवरून ओरडत होते, “झालं का गा, तुळशीराम?”

घाई होती हे खरं. पण सगळा दोष घाईवर ढकलला तर ते खोटं होईल. आठ वर्षं वामनरावांची वाक्यं माझ्या बोटांखालून गेली होती. आधीही कुठे ओळ भरायला मी एखादा ‘खरोखर’, एखादा ‘मात्र’ पदरचा घातला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटू लागलं होतं की मलाही लिहिता येतं. त्या दिवशी मी कागदसुद्धा घेतला नाही. उभ्या उभ्या थेट खिळ्यांत चार ओळी जुळवल्या: ‘कंपाउंडर डाव्या हाताने पुड्या बांधत होता. त्याच्या चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्याऐवजी कानाला दोरा. पुड्या मोजताना तो एक म्हणत नसे. लाभ, दोन, तीन असे पुटपुटत मोजी.’

पान भरलं. फर्मा यंत्रावर चढला. मी स्वतःवर खूष होऊन घरी गेलो.

या ओळी मी हवेतून आणल्या नव्हत्या. आमच्या कोष्टीपुऱ्याच्या तोंडाशी एक दवाखाना होता आणि तिथे सखारामजी नावाचे कंपाउंडर बावीस वर्षं काम करीत होते. डावखुरे. चष्म्याला दोरा. वडील धान्यबाजारात मापारी, आणि मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, ती सवय मुलाच्या तोंडी उतरलेली. माझ्या मुलीच्या गोवरात त्यांच्या हातच्या पुड्या मी स्वतः आणल्या होत्या. नजरेसमोर जो कंपाउंडर होता तोच मी उचलला. कथेच्या शेवटी त्या कंपाउंडरचं काय होणार आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यांतला एक मी. तरी मला ते त्या वेळी सुचलं नाही. खिळे जुळवणाऱ्याला ओळ दिसते, गोष्ट दिसत नाही, असं म्हणून मी पुढे स्वतःची समजूत घालून पाहिली. ती पटली नाही.

अंक बाहेर पडला आणि आमच्या मोहल्ल्यात आधी हसणं झालं. ‘सखारामजी, तुम्ही छापून आले.’ तेही हसले. पाचव्या अंकात विष पुडीत होतं हे उघड झालं, आणि हसणं थांबलं. पोस्टकार्डं येऊ लागली, त्यांत कंपाउंडरचं नाव सर्वांत जास्त. त्याच सुमारास मोहल्ल्यातले एक वृद्ध गृहस्थ जुन्या दम्याने वारले. त्यांना औषध त्याच दवाखान्यातलं होतं. उघड कोणी काही बोललं नाही, पण बाया पुडी घेऊन घरी जाण्याआधी डॉक्टरांना दाखवू लागल्या. काही जण दुसऱ्या दवाखान्यात गेले.

सहाव्या अंकाच्या कामात मी होतो तेव्हा सखारामजी छापखान्यात आले. दुपारची वेळ. वामनराव खिडकीजवळ प्रुफं वाचत बसले होते. सखारामजींच्या हातात अंक होता, घडी पडून पडून त्याचं पान फाटत आलेलं. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि उभेच राहिले.

“डबीरसायेब कोणते जी?”

वामनराव उठले. “मी.”

“मी सखाराम. कंपाउंडर आहो.” त्यांनी पान पुढे केलं आणि बोट ठेवलं. “हा मी आहो. साऱ्या मोहल्ल्यानं ओळखलं. तुम्हाले मी कधी पाह्यलं नाही, तुमचं मी काही बिघडवलं नाही, मंग काहून लिहिलं?”

वामनरावांनी पान घेतलं, वाचलं. माझ्या हातात खिळे होते, ते हातातच राहिले. त्या चार ओळी स्वतःच्या नाहीत हे त्यांना कळलं नसेल असं कसं म्हणू? मी वाट पाहत होतो की ते आता माझ्याकडे पाहतील.

त्यांनी पाहिलं नाही. “लिहिणारा मी,” ते म्हणाले. “चूक माझी. तुम्ही बसा.”

“बसत नाही जी. एकच विचारतो. शेवटी तो कंपाउंडरच निघते का? लोकं माह्या हातची पुडी घेऊन नाही राहिले. डॉक्टरसायेब चांगले आहेत, पण तेही म्हणते, पुढच्या अंकात काय येते ते पाहू. बावीस वर्षं झाले मले. तोच निघत असन तर आजच सांगून द्या. मी भिवापूरले भावाकडे निघून जातो, त्याच्या मिरच्या तोडतो. काढून टाकेपर्यंत थांबत नाही.”

एका माणसाची बावीस वर्षांची नोकरी आमच्या पुढच्या अंकावर येऊन टेकली होती. कपाट माझ्या पाठीशी होतं. आत दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात कंपाउंडर गुन्हा कबूल करीत होता.

वामनराव सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाले, “तो कंपाउंडर खुनी नाही. तुम्ही कामावर जा. डॉक्टरांना माझं नाव सांगा.”

सखारामजींनी चष्मा काढला, दोरा कानावरून सोडवला, पुन्हा अडकवला, आणि गेले. बारा वर्षांत वामनराव खोटं बोललेले मी तेवढंच एकदा ऐकलं.

मग त्यांनी मला सांगितलं, “कपाट उघडा, तुळशीराम. गठ्ठा सोडा.”

बापूसाहेब गादीवरून उठले. “सायेब, काय करून राहिले तुम्ही? चौकटीत सही आहे तुमची. एक कानाही बदलणार नाही म्हटलं आपण. लोकं येऊन गठ्ठा पाहून गेले. कोणत्या तोंडानं सांगायचं त्याहिले?”

“माझ्या.”

“एका कंपाउंडरसाठी?”

“हो.”

मी दोरी सोडली. खिळे एकेक करून पेटीतल्या आपापल्या खणात परत टाकू लागलो. वामनराव शेजारी उभे राहून पाहत होते. मी बोलायला हवं होतं. ‘सायेब, त्या ओळी माह्या’ एवढे चार शब्द. तोंड उघडलं असतं तर बापूसाहेबांनी त्याच क्षणी मला काढलं असतं आणि सखारामजींच्या जागी भिवापूरला मी गेलो असतो. ते न्यायाचंच झालं असतं. मी गप्प बसलो आणि खिळे टाकत राहिलो.

पुढचे दोन अंक वामनरावांनी ज्या तऱ्हेनं लिहिले ते रहस्यकथेच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगं आहे. पाच अंकांतला पुरावा कंपाउंडरकडे बोट दाखवीत होता आणि छापून झाला होता. त्यांनी माझ्याच ओळींना हात घातला. सहाव्या अंकात गुप्तहेर कंपाउंडरला विचारतो, किती पुड्या दिल्या? तो म्हणतो, “सहा. मी तोंडाने मोजतो, माझी चूक होत नाही.” मालकाच्या घरी सापडलेले पुड्यांचे कागद मोजले तर सात. सातवी पुडी बाहेरून मिसळलेली. ज्या ‘लाभ, दोन, तीन’ने त्याच्यावर बालंट आणलं त्यानेच तो सुटला. मोहल्ल्यात सखारामजींचं असं काही कौतुक झालं की विचारू नका. बाया पोरांना घेऊन येत आणि म्हणत, ‘जोरानं मोजा जी, आम्हाले ऐकू द्या.’ ते अजून त्याच दवाखान्यात आहेत आणि अजून जोराने मोजतात.

पण कथेला खुनी तर हवा होता, आणि तो पंगतीत आधीपासून बसलेलाच हवा. उरला पाहुणा. ज्याच्यावर पहिल्या ओळीपासून सगळ्यांचा संशय, ज्याला केवळ वाचकाची नजर वळवायला आणलं होतं, तोच शेवटी खुनी निघाला. रहस्यकथा लिहिणाऱ्याची याहून मोठी नाचक्की नाही. शेवटच्या अंकात वामनरावांनी आपल्या सहीने निवेदन दिलं: ‘शेवट बदलला आहे. आधीच्या पुराव्याचा रोख दुसरीकडे होता हे मला मान्य आहे. कारण सांगू शकत नाही. वाचकांनी मला दोषी धरावे.’

वाचकांनी धरलं. ‘पाहुणा तर आम्हाला पहिल्या दिवशी ठाऊक होता’ अशी कार्डं आली. ‘डबीर संपले’ असं एकाने लिहिलं. ‘दडपणाला भ्याले’ असं दुसऱ्याने. एका साहित्यसभेत त्यांच्यासमोर चौकट वाचून दाखवण्यात आली आणि लोक हसले. मी मागच्या ओळीत होतो. वामनरावही थोडं हसले आणि पान खाऊन घरी गेले. त्यानंतर त्यांनी लांब रहस्यकथा लिहिली नाही. कोणी विचारलं तर म्हणत, “शेवट आधी देण्याचा अधिकार आता माझ्याकडे नाही.” या ग्रंथातल्या दोन लेखांत त्यांच्या लेखणीला त्या वर्षानंतर उतार लागला असं म्हटलं आहे. ते लेख मीच जुळवले. जुळवताना हात थांबत होता.

गेल्या महिन्यात समितीने मला त्यांच्या कथांची यादी करायला त्यांच्या घरी पाठवलं. वत्सलाबाईंनी लाल दप्तर काढून दिलं. वर्षवार, प्रकरणवार नकला, सगळ्या फितीने बांधलेल्या. ‘काटोलचा पाहुणा’, अंक चौथा, माझ्या हातात आला. शेवटच्या पानाखाली त्यांच्या दप्तरी अक्षरात तांबड्या शाईने शेरा होता: ‘छापील अंकात चार ओळी अधिक. माझ्या नाहीत. चौकशीची आवश्यकता नाही. दप्तरदाखल.’ खाली तारीख. अंक बाहेर पडला त्याच आठवड्याची. म्हणजे सखारामजी छापखान्यात येण्याच्या कितीतरी आधीची.

वामनराव समोर आरामखुर्चीत अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. मी कागद हातात धरून विचारलं, “तुम्हाले माहीत होतं?”

“खिळे जुळवणारा एक. पान भरायची घाई त्यालाच. कोष्टीपुऱ्यात राहणाराही तोच. यात शोधून काढण्यासारखं काय होतं?”

“मंग मले विचारलं काहून नाही?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. मग मला आणखी एक शेरा लिहावा लागला असता.” त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “आणि कथा माझ्या नावाने छापली होती, तुळशीराम. नावाखाली जे छापलं ते ज्याचं नाव त्याचं. चार ओळी वगळून उरलेली कथा माझी, असं सांगता येत नाही.”

मला रडू आलं. आवरलं नाही आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही. वत्सलाबाई पाणी घेऊन आल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत खुनी आधी न कळलेल्या त्या माउलीला त्या दिवशीही कळला नाही. हा लेख वाचून कळेल.

मी म्हटलं, “हे मी आता छापणार. सगळ्याहिले कळू द्या.”

त्यांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. ‘नको’ म्हणाले नाहीत, ‘छापा’ही म्हणाले नाहीत. अखेर म्हणाले, “एक करा. लेख लहान पडला तर पान भरायला माझ्या स्तुतीच्या ओळी घालू नका.”

तेव्हा वाचकहो, खुनी पहिल्या पानापासून तुमच्या पंगतीतच बसला होता. मला ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या माणसाचं नाव माझ्यामुळे उणं झालं, आणि चार वर्षं मी त्यांच्या समोर बसून त्यांचा चहा प्यायलो. सखारामजींना मी गेल्या रविवारी घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “आता काय गा, जाऊ दे,” आणि मुलीची तब्येत विचारली. तेवढ्याने मला स्वस्थता आली असं नाही. ती येईल असंही वाटत नाही.

श्री. वामनरावांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, दम्याने त्यांना थंडीत छळू नये, वत्सलाबाईंच्या हातचं मिठाचं जेवण त्यांना अनेक वर्षं मिळावं. आणि एक मागणं माझं स्वतःचं आहे. त्यांनी पुन्हा एक लांब रहस्यकथा लिहावी. शेवटचं प्रकरण आधी आणून द्यावं. कपाट रिकामं आहे आणि ‘ख’ मी नवे मागवून ठेवले आहेत.

हा लेख मीच जुळवला आहे. पान बांधलं तर खाली चार ओळींची जागा उरते. वेलबुट्टीचा ठसा हाताशी आहे, पण तो मी घालत नाही. जागा कोरीच राहू द्या.